आतून कडी

लातूरच्या ट्यूशन एरियात जलीलचं गेमचं दुकान शोधायला पाटी लागत नसे. गल्लीत चपलांचा ढीग दिसला की समजायचं, हेच. देगलूर, मुखेड, हदगाव अशी कुठून कुठून आलेली पोरं, आईबापांनी डॉक्टर व्हायला पाठवलेली. दुपारचे चार वाजले की ती जलीलच्या सहा टीव्हींपुढं मांडी ठोकून बसत. गल्लीच्या भिंतींवर मागच्या वर्षीच्या टॉपरांचे हसरे फोटो लावलेले असत. जलील म्हणे, "त्यातले चार जण हितंच बसून गेलेत. क्लासवाल्यांना सांगू नका म्हंजे झालं."

पोरांना गोळीबार आवडे, फुटबॉल आवडे. पण जीव गुंतायचा तो गोष्टीवाल्या गेममध्ये. चाळीस-चाळीस तासांची गोष्ट, ती रोज तासभर खेळायची आणि उरलेली रात्रभर डोक्यात घोळवायची. मुखेडचा एक रिपीटर अशाच एका गेमचा शेवट पाहून उठला आणि दुकानाच्या पायरीवर बसून ढसाढसा रडला. सीईटीत दोन मार्कांनी हुकला तेव्हा तो रडला नव्हता. जलीलला इंग्रजी येत नव्हतं, पण त्यामुळं त्याचं काही अडत नसे. पडद्यावरची चित्रं बघून तो आपली गोष्ट रचायचा आणि शेजारी बसलेल्याला ठासून सांगायचा. हा याचा साडू आहे, ही त्याची पहिली बायको. पोरं हसून लोटपोट होत. गेममधल्या गोष्टीशी त्याच्या गोष्टीची काडीची सोयरीक नसे.

त्या दुकानाची आणखी एक खोड होती. तिथला कंट्रोलर थरथरत नसे. गेममध्ये स्फोट झाला, पूल पडला की हातातला कंट्रोलर गुरगुरतो, त्याच्यासाठी आत दोन इवल्या मोटारी असतात. जलील नवा कंट्रोलर आणला की आधी स्क्रू काढी आणि त्या मोटारींच्या वायरी कापून टाकी. "करंट लई खातं ते," म्हणे. टीव्ही दुरुस्तीत हयात घालवलेल्या माणसाच्या तोंडी हे कारण शोभत नव्हतं आणि पोरांना ते पटतही नव्हतं. खरं कारण वेगळं होतं. पहिलं मशीन आणलं त्या दिवशी जलीलनं ते स्वतः लावून बघितलं होतं. पडद्यावर एक भिंत कोसळली, तळहातात काहीतरी गुरगुरलं, आणि हा पन्नाशीला आलेला माणूस कंट्रोलर फेकून अनवाणी रस्त्यावर पळाला होता.

गेमच्या आधी जलील टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं देई. त्या जोडीला सगळे 'सेट' म्हणत. गणपतीचे दहा दिवस म्हणजे धंद्याचा हंगाम. गावोगावच्या मंडळांना सेट लागे आणि सेटबरोबर एक माणूस लागे. तो माणूस म्हणजे हमजा, जलीलचा धाकटा भाऊ. चोवीस वर्षांचा, हसरा, भावाच्या शब्दाबाहेर न जाणारा. त्याण्णवच्या त्या सप्टेंबरात, विसर्जनाच्या दिवशी, किल्लारीकडच्या एका गावाला नवा कलर सेट न्यायचा होता. हमजा फडक्यानं सेटवरची धूळ पुसत होता आणि धुळीनं शिंकत होता. निघताना तो दारात थांबून म्हणाला, "भाई, तिकडं जमीन गुरगुरते म्हणून लोक अंगणात झोपतात म्हणं. मी आत झोपू का बाहेर?"

जलील एका जुन्या टीव्हीच्या वायरीला सोल्डरचा डाग देत होता. त्यानं मान वर केली नाही. "आत. बाहेर ठेवला तर सेट जाईल कुणाच्या तरी घशात. आत घे अन् आतून कडी लाव."

पहाटे लातुरातही भांडी खणाणून खाली आली. जलील दुपारी त्या गावी पोचला तेव्हा गाव नव्हतंच. दोन हात रुंद दगडी भिंती आणि वर माळवद, सगळं बसलं होतं. मंडळाचा ईश्वरप्पा मंडपात झोपला होता म्हणून वाचला. तो जलीलला म्हणाला, "आम्ही लई सांगितलं, मंडपात झोपा. ते म्हनले, भाईनं आत झोपायला सांगितलंय." संध्याकाळपर्यंत माती उपसली. दार चौकटीसकट आडवं पडलं होतं आणि कडी आतून लागलेली होती. टीव्हीचा चुरा झाला होता. व्हीसीआर मात्र धड निघाला, कारण हमजानं आपल्या अंगावरची चादर त्याला गुंडाळली होती.

हमजाची बायको रहमतबी तेव्हा चार महिन्यांची गरोदर होती. मातीनंतर तिसऱ्या दिवशी तिनं पडद्याआडून विचारलं, "सगळे बाहेर होते म्हणतात, मग हेच आत का झोपले, भाईजान?"

जलीलच्या तोंडून निघून गेलं, "ताप होता त्याला. म्हणून."

माणूस खोटं बोलतो ते बहुतेक वेळा तेवढ्या घटकेपुरतं बोलतो. पुढं ते खोटं कुणाच्या घरी जाऊन राहतं, हे त्याच्या हातात नसतं. रहमतबीनं ते वाक्य उचललं आणि स्वतःच्या गळ्यात बांधलं. त्या सकाळी नवरा दोनदा शिंकला होता. तिला उलट्या होत होत्या, तिनं त्याच्याकडं बघितलं नव्हतं. काढा करून दिला असता तर ताप चढला नसता. ताप चढला नसता तर तो सगळ्यांबरोबर मंडपात झोपला असता. हा हिशेब तिनं मांडला आणि पुन्हा कधी मोडला नाही. दरवर्षी त्या तारखेला फातेहा होई तेव्हा शिऱ्याशेजारी ती सुंठीच्या काढ्याचा पेला ठेवी. मुलगी झाली, अर्शिया, तर तिला पावसाचा थेंब लागू देत नसे. पोरगी शिंकली की शाळा बंद.

जलील हे सगळं बघत होता. अठरा वर्षं व्हायला आली तरी बघतच होता. त्यानं लग्न केलं नाही, वरच्या दोन खोल्या मायलेकींना दिल्या आणि आपण दुकानातच पथारी टाकली. लोक म्हणत, भाऊ असावा तर असा. ते ऐकलं की तो उठून आत जाई. तो व्हीसीआर फळीवर होता, त्याच चादरीत. दुपारी दोन ते चार दुकान बंद असे, पंखा चालू असे, आणि डोळा लागायच्या बेतात फळीकडून आवाज येई, भाई, मी आत झोपू का बाहेर? रागानं नाही, अगदी साधं, विचारावं तसं. जलील कुशीवर वळे. उत्तर देण्याची त्याला भीती वाटे, कारण खरं बोलायला तोंड उघडलं की ते वरच्या मजल्यापर्यंत जाणार. आणि वरच्या मजल्यावर होत्या त्या दोघी सोडल्या तर त्याला जगात कुणी नव्हतं.

अर्शियाचा सीईटीचा निकाल लागला आणि नांदेडच्या मेडिकलला नंबर लागला. सोमवारी निघायचं होतं. सुटीभर ती दुपारी बंद दुकानात येऊन एकच गेम खेळत होती. घरात दखनी चाले, पण पोरगी मराठी शाळेत शिकलेली, त्यामुळं चुलत्याला ती गोष्ट मराठीतच वाचून दाखवी. जलीलला पहिल्यांदाच एका गेमची खरी गोष्ट समजत होती.

गोष्ट एका टपालवालीची होती. धरणाच्या पाण्यात गेलेलं गाव, आणि ही त्या गावात पत्रं वाटत फिरते. घराघरात मेलेली माणसं उभी आहेत. आपण मेलोय हे त्यांना माहीत नाही, ती वाट बघून राहिलीत. प्रत्येकाच्या पत्रात तो कसा मेला आणि कुणामुळं मेला ते लिहिलेलं. टपालवालीनं पत्र आहे तसं वाचायचं की गोड करून वाचायचं, हे खेळणाऱ्यानं ठरवायचं.

"मी सोळाही घरांत गोडच वाचलं, बडे अब्बा," अर्शिया म्हणाली. "खरं वाचायला जीवच होईना."

"मग? गेले का ते?"

"न्हाई ना. थँक्यू म्हणतात अन् तिथंच उभे राहतात."

शेवटचं घर टपालवालीच्या बापाचं होतं. तिथं अर्शिया आठवडाभर अडली होती, कारण घरात मिट्ट अंधार. माणूस कुठं उभा आहे ते फक्त हातातल्या कंट्रोलरच्या थरथरीवरून कळायचं, आणि या दुकानातला एकही कंट्रोलर थरथरत नव्हता. शनिवारी ती मैत्रिणीचा, मालविकाचा, कंट्रोलर मागून घेऊन आली. जलीलला काही बोलली नाही. गेममधल्या अंधारात चार पावलं टाकली आणि मग आपल्याला जमत नाही असं दाखवून कंट्रोलर त्याच्या हातात दिला.

"धरा. मी पत्र वाचते, तुम्ही बटन दाबा."

जलीलनं धरला. तळहातात जमीन गुरगुरली. हात झटकावा, पळावं, असं पायांनी ठरवलंही. पण पोरगी वाचायला लागली होती. पूर आला त्या दिवशी नावाड्यानं या माणसाला सांगितलं होतं, तू घरात थांब, आधी सामान पोचवतो, मग तुला नेतो. सामान पोचलं.

"हे कसं सांगायचं हो बापाला," अर्शिया म्हणाली. "गोडच वाचते."

"खरं वाच," जलील म्हणाला.

तिनं वळून बघितलं. त्याचे हात कंट्रोलरसकट थरथरत होते. त्यातलं मशीनचं किती आणि त्याचं किती, हे तिला सांगता आलं नसतं. त्यानं बटन दाबलं. अंधारातला माणूस ओरडला, मग खाली बसला. बऱ्याच वेळानं तो उठला, त्यानं स्वतःच दार उघडलं आणि पाण्यातून चालत निघून गेला. कंट्रोलर शांत झाला.

तेव्हा वरून खलबत्त्याचा आवाज आला. रहमतबी सुंठ कुटत होती, नांदेडला पोरीबरोबर द्यायला. जलील उठला आणि जिना चढला. अर्शिया मागोमाग आली आणि दारात उभी राहिली.

"दुल्हन," तो म्हणाला. धाकट्या भावाच्या बायकोला त्यांच्यात असंच म्हणत, तिचे केस पिकले तरी. "हमजाला ताप नव्हता."

खलबत्ता थांबला.

"मी सांगितलं होतं त्याला आत झोप म्हणून. सेट चोरीला जाईल म्हणून. त्यानं विचारलं होतं, आत का बाहेर. मी आत म्हणलं."

रहमतबीनं बत्ता खाली ठेवला. "शिंकले होते ते. दोनदा."

"सेटवरची धूळ पुसून राहिला होता. धुळीनं शिंकला."

"अन् कडी?"

"ती पन मीच सांगितली."

जलीलला वाटलं, आता ती ओरडेल, बत्ता फेकून मारेल. त्याला ते हवं होतं. ती ओरडली नाही. "म्हंजे निघाले तेव्हा ठणठणीत होते," ती हळू म्हणाली. मग पुन्हा एकदा तेच म्हणाली. मग म्हणाली, "अठरा वर्षं काढा करून राहिले मी, भाईजान. तुम्ही बघत होता."

"हाव. बघत होतो."

ती उठली आणि जिना उतरून दुकानात आली. एवढ्या वर्षांत तिनं दुकानात पाऊल टाकलं नव्हतं. "कुठाय?" तिनं विचारलं. जलीलनं फळीकडं बोट दाखवलं. तिनं चादर सोडवली, घडी केली आणि काखेत घेतली. उघड्या व्हीसीआरला हात लावला नाही. "बाहेर ठेवा हा," ती म्हणाली. "पायरीवर. अन् शटर पाडून घ्या."

जलीलनं व्हीसीआर उचलून पायरीवर ठेवला. धंद्याची जुनी सवय, तोंड आपोआप बोललं, "नेईल कुणीतरी."

"नेऊ द्या."

ती चादर घेऊन वर गेली. त्या दिवशी वरून चहा आला नाही, जेवणही आलं नाही. रात्री शटरच्या आत पडून जलील गल्लीतली पावलं ऐकत राहिला. क्लास सुटलेली पोरं गेली, मेसवाले गेले, दूधवाला आला. आयुष्यात पहिल्यांदा तो चोराची वाट बघत होता. कुणीतरी न्यावा, एवढंच मागत होता. एकानं जरी उचलला असता तरी त्या दिवशीचा त्याचा शब्द अगदीच फुकट गेला नसता.

सकाळी त्यानं शटर वर केलं. जिन्यावर रहमतबी उभी होती, मागं अर्शिया. व्हीसीआर पायरीवर तिथंच होता, आणि कुणा पोरानं त्याच्यावर चहाचा रिकामा ग्लास ठेवला होता. कुणीच नेला नव्हता.