एका थाळ्यातली माणसं
मोठा पितळी थाळा काढला आणि त्यातून गरम भाताची वाफ उठली, की आजही माझं डोकं तापतं. काही वर्षांपूर्वी नवीन पनवेलच्या एका हॉलमध्ये कथास्पर्धेचा निकाल होता. माझ्या कथेतलं कुटुंब एकाच थाळ्याभोवती बसून जेवत होतं, आम्ही कोकणी मुसलमान घरी जेवतो तसंच. परीक्षक लेखक माईकवर गहिवरून म्हणाले, "पाच माणसं आणि घरात एकच ताट! काय हे दारिद्र्य!" सगळा हॉल हळहळला. पहिल्या रांगेत माझी अम्मी बसली होती, जिच्या कपाटात ताटांची चळत आहे. मी ताडकन उठून म्हटलं, "सर, ही गरिबी नाही, आमची रीत आहे. घरचे सगळे एकत्रच जेवतात." ते हसले. "असू दे हो, पण वाचकाला गरिबीच भिडते." आणि टाळ्या पडल्या! यांच्या घरी जो तो आपापल्या ताटात जेवतो, म्हणून आमचं घर भिकारी? रिक्षात मी नुसती धुमसत होते. अम्मी शांतपणे म्हणाली, "त्यांना एकदा जेवायला बोलाव. आपण सगळे थाळ्याभोवती बसू, आणि त्यांना एकट्याला वेगळं ताट देऊ." मी अजून बोलावलेलं नाही. इतका राग पोटात ठेवून कुणाला वाढू नये.