हत्ताच्या धरणाचा चढ, निम्मं न करता

डिसेंबरातल्या एका शुक्रवारी पहाटे, दुबईतल्या अल मनखूलमधल्या आमच्या इमारतीखाली मी गाडीच्या टपावर दोन सायकली बांधत होतो आणि नंदा, म्हणजे आमची ही, दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून बघत उभी होती. तिला काळजी माझी नव्हती, दोरीची होती. कपडे वाळत घालायची ती तिची नायलॉनची दोरी. मी अशा गाठी मारल्या की त्या दोरीने एखादं गलबत दुबईच्या खाडीत वर्षभर बांधून ठेवावं. शहर संपायच्या आत दोन गाठी सुटल्या, पण ते सोडा.

निघालो होतो हत्ताला. दुबईपासून शंभरेक किलोमीटरवर, हजर पर्वताच्या पोटात हे गाव आहे. गावाच्या वर डोंगरांच्या बेचक्यात धरण आहे आणि धरणाकडे जाणारा जो चढ आहे, त्याच्यासाठी ही सगळी यातायात.

त्याचं असं झालं. आमची मुक्ता बारावीत. जूनमध्ये ती कॉलेजसाठी पुण्याला जाणार होती आणि तिला आपली सायकल बरोबर न्यायची होती. नंदाचा विरोध होता. पुण्याच्या रहदारीला ती भीत नव्हती. तिचं म्हणणं, ही मुलगी काहीही धड शेवटाला नेत नाही. गिटार तीन महिने, फ्रेंच दोन महिने, पोहणं तर कोरडंच राहिलं. म्हणून तिने अट घातली. धरणाचा सगळा चढ एकदाही पाय न टेकता चढून दाखव, मग ने सायकल. तो चढ तिने सहलीला जाताना गाडीतून पाहिला होता. तेव्हा पहिल्या गिअरमध्येही आमची गाडी कण्हत होती.

साक्षीदार मी. अडचण होती ती इथेच.

आमच्या घरात माझं बोलणं निम्मं करून घ्यायची पद्धत आहे. मी म्हणालो, गणपतीच्या आरतीला चाळीस माणसं येतायत, की नंदा वीस जणांचा शिरा करते. वाईट याचं वाटतं की तो बरोबर पुरतो. मुक्तानेही ही पद्धत लहानपणीच उचलली. अपवाद एकाच गोष्टीचा, खंबाटकी घाटाचा. मी तरुणपणी पुण्याहून साताऱ्याला सायकलने गेलो होतो, बिनगिअरच्या, आणि अख्खा खंबाटकी पाय न टेकता, शीळ वाजवत चढलो होतो. ही गोष्ट झोपताना ऐकत मुक्ता मोठी झाली. नंदाने तिचाही अर्धा घाट केला. मुक्ताने मात्र ती आख्खी ठेवली.

निघताना नंदा वरून म्हणाली, "जे होईल ते सांगा. निम्मं मी करीनच."

गाडीत बसल्यावर मुक्ता म्हणाली, "बाबा, आज फक्त खरं. नो मसाला, प्लीज."

शहर मागे पडलं तशी वाळू लाल होत गेली. एक टेकडी तर एवढी लाल की कुणीतरी कोल्हापूरहून जहाजभर तिखट आणून ओतलंय असं वाटावं. उंट रस्त्याकडेला सरकारी कामासाठी थांबल्यासारखे उभे होते. मध्ये रस्ता काही वेळ ओमानच्या हद्दीतून जातो आणि आपल्याला न विचारताच पुन्हा परत येतो. मग अचानक डोंगर. आपला सह्याद्री कातळाचाच, पण गवताची, करवंदाच्या जाळ्यांची काहीतरी लाज राखून असतो. हे डोंगर पार उघडे. चहाच्या चोथ्याच्या रंगाचे, एकामागे एक, शेवटचे निळसर होत होत आभाळात मिसळलेले. उंची विचाराल तर हिमालयाने मान वर करून बघावं इतकी. इतकी शांतता की मुक्ताने पाण्याची बाटली उघडली तर समोरच्या डोंगराने ऐकली.

गावातले दोन गोल टेहळणीचे बुरूज बघून आम्ही गाडी खजुराच्या बागेशी लावली आणि सायकलींवरून वाडीत (कोरड्या नदीच्या पात्रात; आपली नारळी-पोफळीची वाडी नव्हे) उतरलो. कडेने फलज (डोंगरातलं पाणी बागेत आणणारा पाट) बोटभर खोल वाहत होता. इथे माझी पहिली फजिती झाली. चाकात हवा किती असावी याबद्दल आमच्या घराण्याचं मत एकच आहे. अंगठ्याने टायर दाबलं तर अंगठा दुखला पाहिजे. आदल्या संध्याकाळी मी दोन्ही सायकलींत पंपाने हवा ठासून भरली होती. खड्यांवर हवा कमी लागते असं मुक्ता म्हणाली होती, तेव्हा मी हसलो होतो. आता त्या गोट्यांवरून सायकल अशी उडायला लागली की मी सीटवर कमी आणि हवेत जास्त होतो. दाढा जागच्या जागी आहेत ना हे जिभेने दोनदा तपासलं.

एका झाडाखाली जुनी पिकअप, काही शेळ्या आणि एक म्हातारे अरब गृहस्थ बसले होते. त्यांनी आमचं येणं पाहिलं, हात वर करून थांबवलं, माझं टायर बोटाने टिचकवलं आणि इथल्या हिंदीत म्हणाले, "हवा ज्यादा. थोडा खलास करो."

मुक्ताने माझ्याकडे बघितलं, तिच्या आईसारखं.

हवा सोडली आणि सायकल सतरंजीवर चालावी तशी चालू लागली. म्हाताऱ्यांचं नाव सालेम. त्यांनी आम्हाला बसवून खजूर दिला आणि थर्मासातला कहवा (वेलची घातलेली कडू कॉफी) इवल्या कपात ओतला. कप रिकामा झाला की ते भरत. मी नको नको म्हणत नऊ कप प्यायलो. मुक्ताने दुसऱ्या कपानंतर तो बोटात धरून हलकेच हलवला आणि तिचं भरणं थांबलं. कप हलवला की पुरे. अकरा वर्षं या देशात काढून मला ते माहीत नव्हतं. तिला शाळेत शिकवलं होतं. परतफेड म्हणून आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लसणाची चटणी पुढे केली. सालेमचाचांनी चटणी चमचाभर खाल्ली, डोळे पुसले आणि पुन्हा मागितली.

मग चढ.

सुरुवातीलाच तो भिंतीसारखा उभा राहतो. मुक्ता सगळ्यात हलका गिअर टाकून, मान खाली घालून, बोलणं बंद करून निघाली. मी मागे. पहिलं वळण झालं, दुसरं झालं. तिसऱ्यावर माझ्या मांड्यांनी राजीनामा दिला आणि माझा पाय जमिनीला लागला. मुक्ताने मागे बघितलं नाही. बघितलं असतं तर तिचाही तोल गेला असता.

एवढ्यात मागून सालेमचाचांची पिकअप आली, शेळ्या भरून, चालत्या माणसाच्या वेगाने. मागच्या फाळक्याची साखळी खाली लोंबत होती. पुढे काय झालं ते मी ठरवून केलं नाही. हात गेला. सायकल आपोआप चालू लागली आणि वीतभर अंतरावरून सात शेळ्या माझ्याकडे बघत राहिल्या, परीक्षेत कॉपी करणाऱ्याकडे बाकी वर्ग बघतो तशा. चौथ्या वळणावर आम्ही मुक्ताला मागे टाकलं. मी मान दुसरीकडे केली.

वर पोचल्यावर चाचा उतरले, माझी सायकल मागून पुढून बघितली आणि म्हणाले, "साइकिल अच्छा है. पेट्रोल मेरा."

आम्ही दोघं कठड्याशी उभे राहून खाली बघत होतो. शेवटचा टप्पा सगळ्यात वाईट. ती आली; सायकल नागमोडी चालत होती, चेहरा बिटासारखा लाल. वीस हातांवर पुढचं चाक बारीक खडीवरून घसरलं. सायकल कलली आणि तिचा डावा पाय पेडलवरून सुटून खाली आला. जमिनीपासून बोटभर उरला असेल. तो तिथेच थांबला. किती वेळ ते सांगत नाही, तुम्ही निम्मं कराल. मग तिने कमरेला हिसका दिला, पाय परत वर घेतला आणि ती आली.

आल्यावर ती आडवीच झाली. धरणाचं पाणी खाली गर्द हिरवं पसरलं होतं, डोंगर त्यात उलटे उभे होते. चाचांनी तिच्या उशाशी पाण्याची बाटली ठेवली आणि शेळ्या घेऊन गेले. साक्षीदार मी एकटा उरलो.

धाप ओसरल्यावर ती म्हणाली, "बाबा, खंबाटकीलापण असंच?"

"कसं?"

"तुझा हात. वरच्या वळणावरून दिसला मला, डायरेक्ट साखळीवर गेला. साखळीकडे बघितलंसुद्धा नाहीस तू."

त्यावर मसाला घालायला जागा नव्हती. "ट्रक होता," मी म्हणालो. "कांद्याचा. पहिलं वळण सोडून सगळा घाट."

"आणि शीळ?"

"ती खरी."

ती हसली नाही. चाचांची बाटली उघडून दोन घोट प्यायली. मग म्हणाली, "आईला पिकअपचं सांगू नकोस. तिला वाटेल दोघांनी धरली."

परतीच्या रस्त्यावर ती झोपली आणि मी हिशेब करत राहिलो. एकदा चढली म्हणून सांगितलं तर नंदा निम्मा चढ धरणार, म्हणजे सायकल गेली. मग दोनदा चढली म्हणून सांगावं. निम्मं केलं की बरोबर एक उरतो. युक्ती झकास होती. लाल टेकडीपर्यंत मी तीच घोळवत होतो. पण ती बोटभर जागा राहून राहून डोळ्यांसमोर येई. तिचं असं दामदुप्पट करून सांगणं मला जमेना.

दार उघडून नंदाने विचारलं, "किती?"

"सगळा," मी म्हणालो. "पाय टेकला नाही. मी टेकला, तिसऱ्या वळणावर. मग एका पिकअपची साखळी धरून वर गेलो. मी एकटा. खंबाटकीलाही ट्रक धरला होता."

मुक्ताने डोळे मिटून घेतले. नंदा माझ्याकडे बघत राहिली. अठरा-एकोणीस वर्षांच्या संसारात माझ्या एखाद्या गोष्टीत मी स्वतः हरलेला तिने पहिल्यांदाच ऐकला असावा. निम्मं कुठून करायचं ते तिला सापडेना.

शेवटी तिने माझ्या हातातली दोरी घेतली, गुंडाळली आणि मुक्ताच्या हातात दिली.

"जूनमध्ये सायकल बांधायला लागेल," ती म्हणाली. "गाठी मात्र बाबांना मारू देऊ नकोस."

तेव्हा वाचकहो, वरच्या मजकुरातली डोंगरांची उंची, कहव्याचे कप आणि शेळ्या खुशाल निम्म्या करा. माझी हरकत नाही. चढ तेवढा आख्खा ठेवा.