वेलबुट्टीचा ‘स’

छापून झाले की खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरे, आपापल्या खणात परत जातात. किस्से मात्र तसे जात नाहीत, ते साचत राहतात. एम.ए. होऊन सेलूच्या एका छापखान्यात प्रुफे तपासत असताना माझ्याकडे साचलेले किस्से जवळजवळ सगळे एकाच टाईपाचे आहेत.

तो वेलबुट्टीचा मोठा लाकडी टाईप. एकोणिसाव्या शतकात मुंबईत कोरलेला, असे मालक नानासाहेब सांगत. पुरावा मी पाहिलेला नाही.

* * *

नवा साधा टाईप आल्यावर नानासाहेब अक्षरे जुळवणाऱ्या दिगंबररावांना, आमच्या जुळाऱ्यांना, म्हणाले, “ते जुने ठोकळे बंबात घाला.”

त्याच आठवड्यात झरीचे एक पाटील मुलीच्या लग्नपत्रिकेचे प्रूफ घेऊन परत आले. “नुसत्या अक्षरात लगीन? लोकाला दहाव्याचं वाटंल.”

ठोकळे बंबापासून वाचले.

* * *

मी एकदा दिगंबररावांना समजावले, की अशी नक्षी वाचणाऱ्याला अडवते.

“थांबला तर वाचंल ना, मास्तर.”

* * *

संचात ‘स’ एकच होता. त्यामुळे शीर्षकात ‘सहकुटुंब’ जमे, पुढचे ‘सहपरिवार’ जमत नसे.

“आमच्या परिवारानं यायचंच न्हाई का?” चुडाव्याच्या एका गृहस्थांनी विचारले.

“कुटुंब येऊ द्या. परिवार मागून येतोच,” दिगंबरराव म्हणाले.

* * *

‘क’चा कोपरा उंदरांनी खाल्ला, तेव्हा दिगंबररावांनी सागवानात नवा कोरला. जुन्यावर एक आडवी चीर होती; तीही कोरली.

“चीर कशाला?” मी विचारले.

“ती काढली तर निराळंच अक्षर व्हईल. बाकीच्यात लय उपरं दिसंल.”

* * *

शेवटचा किस्सा निजामी अमलाच्या अखेरच्या दिवसांतला. बंदी असलेले एक पत्रक गावात फिरले. ते आमच्याकडे छापले गेले का, हे मी विचारले नाही. मथळ्यातल्या ‘स’च्या वेलबुट्टीतले एक पान तुटलेले होते, आमच्याही ‘स’चे तुटलेले होते.

पोलिसांचे अमीनसाहेब आले. अक्षर पत्रकाशी ताडून पाहायचे काम परभणीला होणार होते. जुळले, तर छापखान्याला कुलूप आणि दिगंबररावांना तुरुंग. साहेबांनी ‘स’ पेटीत घातला, लाखेची मोहोर केली आणि पेटी ठाण्यात नेली.

पेटी परभणीला जायच्या आधीच ठाण्याच्याच भिंतीवर दुसरे पत्रक लागले. तोच ‘स’, तेच तुटके पान.

साहेब पेटी घेऊन छापखान्यात आले. मोहोर शाबूत होती. त्यांनी ती आमच्यासमोर फोडली. ‘स’ आत होता.

साहेबांनी तो उलटून तुटके पान पाहिले. मग म्हणाले, “इसका मतलब, छापखाना कोई दूसरा है.”

“आसंल, साहेब,” दिगंबरराव म्हणाले. “आमचं अक्षर तेवढं वापस द्या. लगनसराई हाय.”

साहेबांनी अक्षर दिले आणि ते गेले.

दिगंबररावांनी ‘स’चा खण ओढला. तो रिकामा नव्हता, म्हणून त्यांनी परत आलेला ठोकळा शेजारच्या खणात ठेवला.