रामराव पेंटरांच्या नावाचा बाक

घनसावंगीत तुम्ही कोणत्याही चौकात उभे राहा, इंद्रभानची अक्षरं दिसणारच. जाड, उजवीकडे कललेली, ब्रशचा फटकारा मारल्यासारखी. वाढदिवसाचा फ्लेक्स, कबड्डीचे सामने, डीजेची गाडी, उसाच्या ट्रॉलीवर मालकाच्या पोराचं नाव, सगळीकडे तोच एक फॉन्ट. गिऱ्हाईक "दमदार पायजे" म्हणालं की इंद्रभानचा माऊस आपोआप तिकडं वळायचा. खऱ्या ब्रशला मात्र त्यानं बारा वर्षांत हात लावला नव्हता.

तसा तो रामराव पेंटरांचा चेला. ऐन उमेदीची आठ वर्षं त्यानं त्यांच्या हाताखाली पाट्या रंगवण्यात काढलेली. रामराव जाऊन वर्ष होत आलं, तेव्हा त्यांच्या बायकोनं, प्रभावतीकाकूंनी, बसस्टँडजवळ त्यांच्या आठवणीचा सिमेंटचा बाक बसवला.

"नाव तूच लिव्ह, इंद्रभान," त्या म्हणाल्या. "कम्प्युटरचं नको. ह्यांच्यावानी, हातानं."

"हातानंच लिवतो काकू, बिलकुल!" हा फुशारकीनं बोलून बसला.

घरी पठ्ठ्यानं जुन्या पत्र्यावर सराव करायला घेतला. पहिलीच उभी रेघ झिंगल्यासारखी गेली. तीन दिवस त्यानं पत्रा रंगवला आणि पुसला. चौथ्या दिवशी सरळ तोच फॉन्ट काढला, स्टिकरच्या कागदातून अक्षरं कापली, तो साचा बाकाच्या पाठीवर चिकटवला आणि वरून ऑइलपेंट भरला. रंग खरा, ब्रश खरा, कोण ओळखणार? मन खात होतं, पण त्याला त्यानं दटावून गप्प बसवलं.

वर्षश्राद्धाच्या सकाळी काकू बाकाजवळ आल्या. 'कै. रामराव पेंटर' या अक्षरांवरून त्यांनी हळूहळू बोट फिरवलं. पहिल्या 'रा'वरून, मग दुसऱ्यावरून. पुन्हा पहिल्यावर आल्या.

"दोन्ही रा एकसारखे आलेत रं," त्या म्हणाल्या. "ह्यांचे कधीच येत न्हव्ते. चाळीस वर्षं म्या रंग कालवून दिला, एकदाबी न्हाई आले."

इंद्रभानच्या तोंडचं पाणी पळालं. खरं काय ते सांगून टाकावं, पाय धरावेत, असं फार वाटलं, पण तो नुसताच बाकाची कड पुसत राहिला. ज्या माणसानं मनगट धरून वळण लावलं, त्याच्याच नावाशी आपण लबाडी केली, या विचारानं त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात समोरच्या दुकानातून भागवत टेलर आला. बाकाकडं बघून खूश झाला.

"वा! कोनी लिवलं हे काकू?"

काकूंनी डोक्यावरचा पदर सावरला. इंद्रभानकडं पाहिलंसुद्धा नाही.

"ह्यांच्या चेल्यानं," त्या म्हणाल्या. "हातानं लिवलंय."

भागवतनं इंद्रभानचा उजवा हात दोन्ही हातांत धरला. "जपा हो हा हात, पेंटर," तो म्हणाला, आणि बराच वेळ त्यानं तो सोडला नाही.