अल्सरची औषधं

माझ्या मोठ्या जाऊबाईंना कॅन्सर झालाय हे त्यांना सोडून सगळ्यांना माहीत होतं. नव्वदच्या दशकातल्या जपानमध्ये ही रीतच होती. डॉक्टर पेशंटला काही सांगत नसत, घरच्या कर्त्या माणसाला आत बोलावत. योकोहामाच्या हॉस्पिटलात त्यांनी माझ्या दिरांना बोलावलं. बाहेर येऊन दीर बायकोला म्हणाले, "अल्सर आहे. ऑपरेशन, मग थोडी औषधं." वहिनींना जपानी येत नव्हतं. नवरा सांगेल तोच त्यांचा आजार.

ती थोडी औषधं म्हणजे केमोथेरपी. सलाइन घेऊन वहिनी घरी आल्या की मी टोकियोतल्या एदोगावाहून गाड्या बदलत त्यांच्याकडे जायची. फोडणीच्या वासानं त्यांना उलटी व्हायची, म्हणून पेज आणि ताकभात माझ्याच घरी करून, गार करून न्यायची. तोंड आतून सोललेलं असायचं. स्टीलचा चमचा कडू लागतो म्हणाल्या, तेव्हा लाकडी चमचा आणला. वाटेत कोंबिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानातून, लिंबाच्या बर्फाचा कप घ्यायची. तो मात्र त्या लहान मुलासारखा चाटून पुसून खायच्या.

हे सगळं मी आनंदानं केलं. राग यायचा तो दिरांचा. साधा अल्सर म्हटल्यावर बायकोनं साधंच आजारी पडायला हवं ना! संध्याकाळी ऑफिसातून आले की दारातूनच विचारायचे, "अजून पडूनच? आमच्या ऑफिसात एकाला अल्सर झाला होता, गडी महिन्यात कामावर." वहिनी धडपडत उठायच्या. पोळ्या करायला गॅस पेटवायच्या आणि तोंडावर पदर दाबून बाथरूमकडे पळायच्या. येऊन आम्हा दोघांची माफी मागायच्या. "मला मेलीला काय झालंय कळत नाही," म्हणायच्या.

केस गळायला लागले तेव्हा दिरांनी इथल्या पाण्यावर ढकललं. वहिनींनाही ते पटलं. पुण्याहून ब्राह्मीचं तेल मागवलं आणि मला म्हणाल्या, "जरा चोळून दे गं." मी हलक्या हातानं चोळत होते तरी पुंजकेच्या पुंजके बोटांत येत होते. "पाणीच मेलं वाईट," त्या म्हणाल्या. मी ते केस वर्तमानपत्रात गुंडाळून जाळायच्या कचऱ्यात टाकले.

त्याच दिवशी दिरांना बाल्कनीत गाठलं. "भाऊजी, सांगून टाका त्यांना."

"तिला झेपणार नाही. आणि डॉक्टरच नको म्हणालेत."

"मग निदान रागावू तरी नका."

"रागावलो नाही तर तिला संशय येईल," ते म्हणाले. अगदी शांतपणे, मोठा विचार करून ठरवल्यासारखं.

संक्रांतीला वहिनींनी हट्टानं हळदीकुंकू ठरवलं. फार आळस भरलाय अंगात, झटकायला हवा, हे त्यांचं कारण. डोक्याला रुमाल बांधून त्या तीळ भाजायला बसल्या आणि त्या वासानं तिथेच, कढईशेजारी ओकल्या. बाहेर चार मराठी बायका नटूनथटून बसल्या होत्या. दीर हसत म्हणाले, "हिला हल्ली कसलाच उरक राहिला नाही." बायकाही हसल्या. मी गॅस बंद केला, फरशी पुसली.

दीर बायकांना स्टेशनवर सोडायला गेले. मी वहिनींसमोर बसले आणि सांगितलं. कॅन्सर आहे, सलाइनमधून दिलं ते त्याचं औषध, उलट्या त्याच्याच आणि केसही त्यानंच गेले. पाणी बिचारं चांगलं आहे.

त्या रडतील म्हणून मी तयारीत होते. त्यांनी हळदीकुंकवाचं तबक बाजूला सरकवलं.

"म्हणजे मी आळशी झाले नव्हते," त्या म्हणाल्या.

"नाही वहिनी."

"मला वाटायचं, बायका काय काय सोसतात आणि मला साधा अल्सर सोसवत नाही." मग त्या तिथेच तातामीच्या चटईवर, पसारा न आवरता, कुशीवर झाल्या. दारात किल्ली वाजली. एरवी त्या आवाजाला त्या उठून बसायच्या. आज हलल्या नाहीत.

"अगं, पडलीस काय? आवरायचं कुणी?" दिरांनी विचारलं.

"तुम्ही," वहिनी म्हणाल्या. "मला कॅन्सर आहे."

त्या उन्हाळ्यात वहिनी गेल्या. दिरांनी पुण्यात सगळ्यांना सांगितलं की मी तोंड उघडलं म्हणून तिचा धीर खचला, नाहीतर अजून जगली असती. नात्यातले कितीतरी लोक अजून तसंच समजतात आणि मी कुणाला समजवायला जात नाही. संक्रांतीपासून पुढे वहिनी भर दिवसा, कुणाची माफी न मागता झोपत होत्या. ते मी पाहिलं आहे.