खुळखुळ्याच्या नातीचं पान

खुळखुळ्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस आता उरलेलं नव्हतं. बायको होती तोवर ती मारायची, तीही रागावली तरच. फोटो स्टुडिओत तो पहिल्यांदा आला तो फरशी पुसायला. एकदा कुणाचं तरी पोर कॅमेऱ्यासमोर भोकाड पसरून बसलं, थोरले मालक घामाघूम झाले, आणि ह्याने मागून बादली डोक्यावर घालून दोन उड्या मारल्या. पोर खिदळलं. त्या दिवसापासून फरशी दुसऱ्याकडे गेली आणि ह्याच्या हातात खुळखुळा आला. पुढे थोरले मालक गेले, धाकटे आले, कॅमेरे बदलले, भिंतीवरचे रंगीत पडदे बदलले. कॅमेऱ्यामागे उभं राहून कान हलवणारा, डोळे तिरळे करणारा, गाल फुगवून फुस्स करणारा माणूस मात्र तोच राहिला.

काम काय, तर पोरांना हसवायचं. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा एकदा. एखादं झोपेतून उठवून आणलेलं असतं, एखाद्याला आईने रिक्षातच धपाटा घातलेला असतो, एखाद्याच्या बुटात खडा असतो आणि ते कुणाला सांगत नाही. खुळखुळ्याकडे प्रत्येकासाठी वेगळं सोंग होतं. आणि सगळी सोंगं संपली तर शेवटचं एक होतं. स्टुलावर चढायचं, तोल जातोय असं करायचं आणि धाडकन खाली पडायचं. त्यापुढे कुठल्याही पोराचा टिकाव लागत नसे. पण गुडघे कुरकुरायला लागल्यापासून तो हे पडणं जपून वापरायचा.

सगळ्या गावाची पोरं हसवणाऱ्या ह्या माणसाच्या घरात एक पोर होतं आणि ते त्याला हसत नव्हतं. त्याची नात. हसणार तरी कशी? पाळण्यात होती तेव्हापासून तिने ते कान, ते गाल, ते तिरळे डोळे पाहिलेले. तो कान हलवायला लागला की ती पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणायची, "आबा, परत तेच?" आणि स्वयंपाकघरातून सून म्हणायची, "बाबा, पुरे करा माकडचेष्टा. पान वाढलंय." सून वाईट नव्हती. कपड्यांच्या कारखान्यात दिवसभर शाळेचे गणवेश शिवून आलेल्या बाईला माकडचेष्टा कशा आवडतील? मुलगा परगावी मोठ्या गाड्या चालवायचा आणि कधीतरी तोंड दाखवायचा. त्यामुळे घरात बोलायचं तर ते तिनेच.

मग ते पुस्तक निघालं. एक संस्था होती, गावोगावचे गाळाने भरलेले तलाव उपसणारी आणि उघड्या माळांवर झाडं लावणारी. संस्थेच्या बाई एक दिवस स्टुडिओत आल्या आणि मालकाशी ठरवून गेल्या. शहरातल्या मुलांच्या फोटोंचं एक देखणं पुस्तक काढायचं, प्रत्येक मुलाला एक पान, आईबापांनी त्यासाठी देणगी द्यायची, आणि सगळी रक्कम तलावांना. कामात खोट काढायला जागा नव्हती. पण शहराला जे वेड लागलं ते काही तलावांचं नव्हतं. घरातल्या कुंडीला पाणी घालायचा ज्यांना कंटाळा, त्या बायाही जिन्यात उभ्या राहून निसर्गाबद्दल बोलायला लागल्या. अमक्याच्या पोराचं पान आहे म्हटल्यावर तमक्याला चैन पडेना.

नातीच्या वर्गातल्या अर्ध्या मुलांची पानं ठरली. एक दिवस ती शाळेतून आली, दप्तर न उतरवताच आजोबांसमोर उभी राहिली.

"आबा, पुस्तक तुझ्याच स्टुडिओत होतंय ना?"

"हो, आमच्याच."

"मग माझं पान असणार ना? मी वर्गात सांगितलंय."

वर्गात तिने काय काय सांगितलं होतं ते तेव्हा त्याला ठाऊक नव्हतं. पण हिने आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे काही मागितलं होतं. एरवी मालकासमोर मान वर न करणारा खुळखुळ्या दुसऱ्या दिवशी केबिनच्या दारात जाऊन उभा राहिला.

"एवढंच ना," मालक म्हणाले. "देतो की. माझा शब्द. पण परवा आमच्याबरोबर गावाला चल. शेवटच्या पानासाठी तिथली पोरं घ्यायचीत. बुजरी असतील, जरा सैल करायला तू हवास."

खुळखुळ्या हुरळून गेला. त्याने नवा खुळखुळा घेतला.

गावाला पोचल्यावर संस्थेच्या बाईंनी त्याला बाजूला घेतलं. "काका, हसवू बिसवू नका हं. ह्या पानावर तहान दिसली पाहिजे. लोकांच्या काळजाला हात घातला पाहिजे. तुम्ही असं करा, गाडीत बसा."

तो बसला बिचारा. काचेशी एक शेंबडं पोर येऊन नाक चपटं करून आत बघायला लागलं. आता जन्मभराची सवय ती. खुळखुळ्याचे कान त्याला न विचारता हलले. पोर ओरडत पळालं आणि दहा जणांना घेऊन आलं. गाडीभोवती ही गर्दी. त्याने तोंड फिरवलं, डोळे मिटले, तर त्यालाही ती हसली. तिकडे आटलेल्या तलावाच्या भेगाळलेल्या मातीवर त्यांना एका रांगेत उभं केलं, कॅमेरा रोखला, आणि एकूण एक पोराने बत्तिशी दाखवली. दटावलं, समजावलं, बिस्किटं दिली. बिस्किटांनी तर ती आणखीच खूश झाली. पोटं खपाटीला गेलेली, पायात काही नाही, आणि गाडीकडे बोटं दाखवून फिदीफिदी चाललेलं.

"ह्यांना तहान लागलीय असं कोण म्हणेल?" बाईंनी कपाळाला हात लावला.

परतीच्या वाटेवर त्याच्याशी कुणी अवाक्षर बोललं नाही. उतरताना मालक म्हणाले, "वाटोळं केलंस." ह्याने चाचरत नातीच्या पानाचं विचारलं तर "बघू" म्हणून निघून गेले. तो 'बघू' खुळखुळ्याने घरी सांगितला नाही. सांगणार कसा? सुनेने कारखान्यातल्या उरलेल्या तुकड्यांतून पिवळा फ्रॉक शिवायला घेतला होता. गळ्याला लेस, खांद्यांना चुण्या. ती शिवताना गुणगुणत होती, आणि ती गुणगुणते हेच तो विसरला होता.

मग एका सकाळी मालक आपणहून म्हणाले, "आण तुझ्या नातीला. आजच आण."

खुळखुळ्याला आभाळ ठेंगणं झालं. शाळा सुटल्यावर घरी नेऊन त्याने तिला नुकताच शिवून झालेला पिवळा फ्रॉक घातला आणि घेऊन आला. बाकावर तिच्या वर्गातली चारपाच मुलं आपापल्या आयांबरोबर नंबर लावून बसलेली. नात त्यांना बघून दारातच थबकली. पण मालकांनी तिला थेट दिव्यांसमोर बसवलं आणि तो कॅमेऱ्यामागे गेला.

ती बसली होती दात उपटायला बसल्यासारखी. त्याने कान हलवले. काही नाही. गाल फुगवून फुस्स केलं. काही नाही. खुळखुळा नाकावर तोलला, बादली घातली, कोंबडा झाला. बाकावरची मुलं खुसखुसायला लागली आणि नातीचं तोंड आणखी आवळलं.

"आबा, नको ना," ती हळूच म्हणाली.

ऐकलं त्याने. पण मालक मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते, आणि त्याच्या डोक्यात एकच, पान जाणार. हसली नाही तर पान जाणार, आणि घरी जाऊन काय तोंड दाखवायचं? तो स्टुलावर चढला, तोल घालवला आणि धाडकन पडला. गुडघ्यातून कळ गेली. सगळी खोली फुटली हसून. आया पदराआड हसल्या, मुलं बाकावरून घसरली. त्यातलाच एक जाडा मुलगा ओरडला, "ए, तू तर म्हणालीस स्टुडिओ तुझ्या आजोबांचा आहे. हेच का ते?"

नातीने खाली पडलेल्या आजोबाकडे पाहिलं. मग तिचा ओठ थरथरला आणि डोळ्यांतून पाणी आलं. रिबीन सुटून कपाळावर आली, नाक वाहायला लागलं. इतका वेळ कंटाळलेले मालक एकदम कॅमेऱ्यावर वाकले आणि फोटोमागून फोटो काढत सुटले.

"वा. झालं काम," ते म्हणाले. "पान पक्कं समज."

रस्त्याने ती त्याच्यापासून दोन हात दूर चालली. त्याने मनाची समजूत घातली. सुरुवातीला कुठेतरी हसली असेल, आपल्याला पडलेल्याला कुठून दिसणार? आणि मालकांचा हात म्हणजे काय, संगणकावर पोरांची शेंबडी नाकं पुसतात, वाकडे दात सरळ करतात. रडका फोटो कोण छापेल पुस्तकात? स्वतःला फसवायला माणसाला दुसऱ्याची मदत लागत नाही.

पुस्तक निघालं त्या दिवशी मोठ्या सभागृहात कार्यक्रम होता. सुनेने रजा टाकली. नातीला तोच पिवळा फ्रॉक घातला. टेबलावरच्या पुस्तकाची पानं तिघांनी मिळून उलटली. वर्गातल्या जाड्याचं पान होतं, हातात गुलाबाचं रोप घेतलेला. दोन वेण्यांच्या मैत्रिणीचं होतं. नातीचं नव्हतं. तिघं शेवटच्या पानापर्यंत पोचणार तेवढ्यात दिवे मालवले आणि संस्थेच्या बाई बोलायला उभ्या राहिल्या.

"आता आपल्या पुस्तकाचं शेवटचं पान," त्या म्हणाल्या.

पडद्यावर नातीचं तोंड आलं. भिंतीएवढं. सगळे रंग काढून टाकलेले. फोटो हनुवटीपाशीच कापलेला, केस विस्कटलेले, नाक वाहतंय, गालांवर पाण्याचे ओघळ, आणि मागे तो आटलेला तलाव, भेगांसकट. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'हिच्या गावात पाणी कधी येणार?'

सभागृहातून अरेरे निघालं. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी चष्मा काढून पुसला. देणग्यांसाठी हात वर व्हायला लागले.

"फ्रॉक कुठे गेला?" सून म्हणाली. एवढंच म्हणाली. मग तिने सासऱ्याकडे पाहिलं. "तुम्हाला ठाऊक होतं, बाबा?"

तो अंधारातूनच मालकांकडे गेला. मालक पडद्याकडे बघत हळू आवाजात म्हणाले, "पान देतो म्हणालो होतो, दिलं. सगळ्यात मोठं दिलं. तिथली पोरं दात काढून मोकळी झाली ती कुणामुळे? मी निस्तरलंय. आता तोंड उघडशील तर तलावाचं काम बंद पडेल, आणि मग त्या गावाला तूच जाऊन सांग."

खुळखुळ्या मागे फिरला. तलावाची गोष्ट खरी होती, हाच तर सगळा घोळ होता. तो परत आला तेव्हा सून उठलेली होती. "मी बाहेर थांबते," ती म्हणाली. "आत थांबले तर माझ्या हातून काहीतरी होईल. तिला घेऊन या."

पण नात जागेवर नव्हती.

ती पाण्याच्या पिंपापाशी होती. वर्गातल्या मुलांनी तिच्याभोवती कडं केलं होतं, आणि प्रत्येकाच्या हातात कागदाचा पाण्याने भरलेला पेला. "घे, पी," जाडा म्हणत होता. "तुझ्या गावात नाही ना." ती एक पेला हातात धरून उभी होती. दुसरा पुढे आला, तिसरा आला. "पी की, रडू नको." दोन वेण्यांची मैत्रीणही त्यात होती आणि तिचाच आवाज सगळ्यात गोड होता.

त्यांना रागावावं, तर त्यांचे आईबाप चार पावलांवर चहा पीत उभे, सगळे मालकांचे नेहमीचे लोक. आणि रागावता त्याला यायचंही नाही. आयुष्यात त्याला एकच गोष्ट आली. त्याने भिंतीकडेची खुर्ची ओढली, तीवर चढला, खिशातला खुळखुळा काढून वाजवला, आणि सगळी तोंडं वळल्यावर तोल घालवून पडला.

पोरं खदखदली. तो उठला, पुन्हा चढला, पुन्हा पडला. ह्या वेळी खरंच पडला, गुडघा वाकडा झाला, पण तोंड त्याने तिरळंच ठेवलं. कडं तिला सोडून त्याच्याभोवती आलं. जाड्याने हातातला पेला त्याच्या डोक्यावर रिकामा केला. मग काय, सगळ्यांनीच केले. खुळखुळ्याने ओल्या चेहऱ्याने गाल फुगवले आणि फुस्स केलं.

नात कड्याबाहेर एकटी उभी होती. तिने आजोबाकडे पाहिलं, मग मुलांकडे. आता तिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. ती पुढे आली, मुलांत शिरली, हातातला पेला त्याच्या डोक्यावर उपडा केला आणि हसली. तोंडभर हसली, नुकत्याच पडलेल्या दाताची खिंड दिसेपर्यंत. हे हसू बघायला तो तिच्या पाळण्यापासून कान हलवत आला होता. दोन वेण्यांच्या मैत्रिणीने तिच्या खांद्यावर हात टाकला. खुळखुळ्याने पाणी निथळणारे कान पुन्हा हलवले, कारण ती थांबायला नको होती. मालक पाहुण्यांत होते आणि कॅमेरा पेटीत होता.

बाहेर पायऱ्यांपाशी सून उभी होती. "भिजलात कशाने?" तिने विचारलं.

"पाणी सांडलं," तो म्हणाला. कठडा धरून एकेक पायरी उतरला. नात मैत्रिणींबरोबर फाटकापर्यंत पोचली होती. त्यातल्या कुणीतरी मागे त्याच्याकडे बोट दाखवून काही विचारलं, आणि तिने मागे न बघताच मान हलवून नाही म्हटलं.