मारिसा टीचर आणि रेवाची तीट

मारिसा टीचर गेली हा मेसेज आला, तेव्हा मी तो फ्रॉड समजून ब्लॉक केला.

बाहेरच्या देशाचा नंबर, मोडकंतोडकं इंग्लिश. "माय सिस्टर टॉट युवर डॉटर." म्हटलं, आता खाली लिंक येणार.

संध्याकाळी शाळेतल्या सुनंदा मावशींचा फोन आला. "ताई, तुमाला मेसेज नाय आला? आपली मारिसा टीचर गेली गो. आजारी होती म्हनं."

मावशी इथल्याच, उलव्याच्या जुन्या गावातल्या. त्या उगाच काही बोलत नाहीत.

नंबर अनब्लॉक केला आणि किचनमध्ये उभी राहून रडले.

जे मला ओळखतात त्यांना माझा स्वभाव माहितीये. मी न्हावा शेव्याला क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात कागद तपासते. कागदावर जे लिहिलंय तेच कंटेनरमध्ये असेल, असं मानून माझं काम चालत नाही.

घरीही चालत नाही, हा प्रॉब्लेम.

रेवा तेव्हा चार वर्षांची. घरी थोडंफार बोलायची, बाहेर एक शब्द नाही. शाळेने सांगून टाकलेलं, दिवाळीपर्यंत बोलली नाही तर दुसरी शाळा बघा.

त्यात शाळेने "फॉरेन टीचर" आणली. आम्ही सगळे गोऱ्या बाईची वाट बघत होतो. आली मारिसा, फिलिपिन्सची.

"ही कुठली फॉरेनची? मणिपूरची असेल," मी म्हटलं. आणि पहिल्याच मीटिंगमध्ये तिच्याकडे पासपोर्ट मागितला. हो, ती मीच.

तिने हसत पर्समधून काढून दिला. मी फोटो आणि चेहरा जुळवून पाहिला. एवढी तयारीत कशी आली, म्हणून आणखी संशय.

तिची स्वतःची मुलगी तिकडे आजीकडे होती. तेही मला खटकलं. आपलं पोर मागे ठेवून दुसऱ्यांची शिकवायला इतक्या लांब कोण येतं?

ज्याला यावं लागतं तो येतो. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरली नाही.

मग ते तिटीचं झालं.

सासूबाई रोज सकाळी रेवाच्या गालाला काजळाची तीट लावायच्या. पोरीला कुणाची तरी दृष्ट लागलीये म्हणून बोलत नाही, हे त्यांचं पक्कं मत. आणि रोज दुपारी रेवा तिटीशिवाय घरी यायची. घामाने गेलेली नाही, चांगली पुसून काढलेली.

"कोन पुसतंय गं?" सासूबाई विचारायच्या. रेवा खेळायला पळायची.

माझ्या मनात पाल चुकचुकली. शाळेच्या ॲपवर वर्गातला कॅमेरा दिसायचा. ऑफिसात बसून बघितलं. मारिसा दारात गुडघ्यांवर बसून रेवाचा गाल ओल्या टिश्यूने पुसत होती आणि तिचे ओठ हलत होते. बराच वेळ. आवाज येत नव्हता.

मंत्र? प्रार्थना? पोरीला धर्मात ओढते की काय?

सुतावरून स्वर्ग गाठायला मला वेळ लागत नाही. स्क्रीनशॉट काढला, पालकांच्या ग्रुपवर टाकला. "ही बाई आपल्या मुलांच्या तोंडाला काय लावते, कुणाला माहितीये का?"

ग्रुप पेटला. मी हाफ डे टाकून शाळेत धडकले.

मला बघून मारिसा धावतच आली, हातात वही. "शी स्पोक! रेवा स्पोक टुडे!"

वहीत इंग्लिश अक्षरांत तुटक तुटक लिहिलेलं. आ जी ची आ हे. अर्थ तिला कळलाच नव्हता.

सुनंदा मावशी लादी पुसता पुसता म्हणाल्या, "पुसू नको, आजीची हाय, असं बोलली पोर. मी माज्या कानानं आयकलं."

मी मारिसाला तीट म्हणजे काय ते सांगितलं. तिचा चेहराच उतरला.

"आय थॉट मार्कर," ती म्हणाली. "एव्हरी डे, सेम प्लेस. आय थॉट नोबडी इज वॉशिंग हर ॲट होम."

म्हणजे मी तिच्यावर पाळत ठेवून होते आणि ती माझ्यावर! वहीची मागची पानं पाहिली. रेवा, गालावर डाग. आज पुन्हा डाग. आईशी बोलावं का?

तिथे हसू यायला हवं होतं. मला राग आला. माझ्या पोरीला घाणेरडी समजते? आणि खरं सांगू? जे मी देव पाण्यात घालून मागत होते, ते हिच्या ओल्या टिश्यूने झालं, याचाही राग आला.

ओठ का हलायचे, तेही मावशींनीच सांगितलं. "रोज तिला नाव इचारायची. मंग थांबायची. बाकीची पोरं रांगेत खोलंबायची, तरी थांबायची."

त्यानंतर रेवाची तीट पुसट झाली की मारिसा स्वतःच्या काजळाने ती गडद करून द्यायची.

रेवा बोलायला लागली. शाळा बदलावी लागली नाही.

ग्रुपवरचा माझा मेसेज मात्र तसाच राहिला. "माझा गैरसमज झाला" एवढंच लिहायचं होतं. उद्या लिहू, उद्या लिहू. तोवर काही पालकांनी मुलं काढली, आणि वर्ष संपल्यावर शाळेने तिला परत बोलावलं नाही.

जायच्या आधी ती रेवाला भेटायला घरी आली. मी चहा केला, खूप गप्पा मारल्या. तेवढं सोडून सगळं बोलले.

रेवा आता तिसरीत आहे. तिटीचा किस्सा तिला पाठ आहे, मीच हसत हसत सांगते सगळ्यांना. काल मारिसाचं सांगितलं तेव्हा खूप रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "आई, तू तिला सॉरी म्हणालेलीस ना?"

"हो," मी म्हटलं.

खोटं. नव्हते म्हणाले.

संशय चारचौघांत घेतला होता, म्हणून हेही चारचौघांत. त्या जुन्या ग्रुपवरही टाकतेय.

मारिसा टीचर, तुझं काहीही चुकलं नव्हतं. माझं चुकलं.

सॉरी.

रेवाच्या आईचा तुला शेवटचा नमस्कार.